थोरलीचं शून्य

माझी बायको खिडकीपाशी बसते आणि मी भिंतीपाशी. सगळं इथूनच सुरू झालं असं म्हटलं तर ती हसेल, पण मला विचाराल तर इथूनच. नेरळला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा हॉलला एकच मोठी खिडकी होती. तिच्यातून माथेरानचा डोंगर दिसतो, वारा येतो आणि इंटरनेटचा डबाही नेमका तिथेच भिंतीवर बसवलेला आहे. मी कर्जत तालुक्यातला, ती खालापूरची. घर माझ्या तालुक्यात, तेव्हा खिडकीही माझी, असा माझा साधा हिशेब होता. पण सामान लावायच्या दिवशीच तिने आपली खुर्ची तिथे नेऊन ठेवली आणि म्हणाली, "तुझं उजेडाने डोकं दुखतं ना?" दुखतं खरं. मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून मी तिला माझ्याबद्दल फारसं काही सांगायचं बंद केलं.

आम्ही दोघं नवी मुंबईतल्या एकाच कंपनीत, एकाच विभागात कामाला होतो, आणि आठवड्यातले बहुतेक दिवस घरूनच काम करायचो. काम जरा चमत्कारिक आहे. ज्या देशांत जुगार कायदेशीर आहे तिथल्या जुगार कंपन्यांची आम्ही तपासणी करतो. लोकांनी पैसे लावले, जिंकले, हरले, त्याच्याशी आमचा काही संबंध नाही. आम्ही बघतो ते एवढंच, की त्या कंपनीच्या कॉम्प्युटरांत चोर शिरला तर कुठून शिरेल, शिरल्याचं कंपनीला कळेल का, आणि परवाना देणाऱ्या सरकारचे नियम ती खरोखर पाळते की नुसते कागदावर पाळते. मग दोन कंपन्या शेजारी शेजारी ठेवायच्या आणि कोणती जास्त धोक्याची ते सांगायचं. त्यांचा विमा उतरवणाऱ्यांना ते हवं असतं.

गावाकडे हे समजावणं अवघड. माझे वडील कर्जतच्या पलीकडे गावात राहतात, अजून भात लावतात, आणि कोणी विचारलं की "पोरगा बँकेत हाय" म्हणून मोकळे होतात. माझी चुलती त्यांच्यासारखी भिडस्त नाही. तिच्या मते मी मटक्याच्या अड्ड्यावर राखणदार आहे आणि चांगल्या घरच्या पोरीलाही मी त्याच धंद्याला लावलं.

लावलं हे मात्र खरं. तिची आधीची नोकरी सुटली तेव्हा मीच आमच्या मॅडमना म्हणालो, माझ्या बायकोला एकदा भेटून बघा. मॅडम म्हणजे आमच्या जुगार विभागाच्या प्रमुख, कडक पण न्यायाच्या बाई. त्या भेटल्या, त्यांनी तिला घेतलं, आणि वर्षभरात त्यांच्या फोनवरचं "तुम्हाला काय वाटतं?" जाऊन "तुम्हा दोघांना काय वाटतं?" आलं. मग तेही गेलं. अडलेली गोष्ट घेऊन मी त्यांच्याकडे गेलो की त्या म्हणायच्या, "अहो, घरात आहे ना ती. तिला विचारा." ते "तिला विचारा" ऐकलं की माझ्या पोटात दुखायला लागायचं. अजूनही दुखतं.

तशी चाहूल मला आधीच लागायला हवी होती. आमच्या गावात गोकुळाष्टमीला घरोघरी पत्ते मांडतात. आमच्या ओटीवर चिंचोके लावून खेळतात, त्या दिवशी बायाबापड्यांनाही मुभा असते. लग्नानंतरच्या पहिल्या अष्टमीला माझा चुलतभाऊ तिला गमतीने म्हणाला, "वयनी, बसा की." ती बसली. दिवस मावळेपर्यंत ओटीवरचे सगळे चिंचोके तिच्या ओंजळीत. वडील इतके खूश झाले की त्यांनी शेजारच्यांना हाक मारून ते दाखवलं. मी लहानपणापासून दर अष्टमीला हरत आलोय, माझ्यासाठी शेजारी कधी कोणाला बोलावलं नाही. "ती पत्तं बघत नाय रं," वडील मला म्हणाले, "ती तोंडं बघते." मी म्हटलं, नशीब आहे झालं.

तर गेल्या पावसाळ्यात मॅडमनी सांगितलं की दिवाळी झाली की त्या नोकरी सोडणार आणि त्यांच्या जागी विभागातलंच कोणीतरी बसणार. नावं दोनच होती आणि दोन्ही एकाच घरातली. आमच्या कंपनीत एक नियम पक्का आहे. नवऱ्याच्या अहवालावर बायकोने आणि बायकोच्या अहवालावर नवऱ्याने सही करायची नाही. म्हणजे आमच्यातलं जे प्रमुख होईल ते जुगार विभागात राहणार आणि दुसऱ्याला सहकारी बँकांच्या विभागात जावं लागणार. सहकारी बँकांचा विभाग म्हणजे जुनी कपाटं, जुने कॉम्प्युटर आणि चहा. तिकडे कोणी आपण होऊन जात नसे.

मला ती जागा हवी होती. स्पष्टच लिहितो. मला ती हवी होती आणि तिला ती मिळू नये हे त्याहून जास्त हवं होतं. तिच्यावर माझा जीव नव्हता असं नाही. पण बायको साहेब झाली आणि आपण बँकांच्या चहाला गेलो, हे वडिलांना कोणत्या तोंडाने सांगायचं? तसं बघितलं तर वडिलांना वाईट वाटलंच नसतं. त्यांनी गावभर पेढे वाटले असते. माझी भीती तीच होती.

त्याच सुमाराला एका विमा कंपनीचं मोठं काम आलं. दोन जुगार कंपन्यांची तुलना करायची होती. एक जुनी, मोठमोठे कॅसिनो आणि लॉटऱ्या चालवणारी. दुसरी नवी, नुसत्या मोबाइलवर पैजा घेणारी. खरी नावं उच्चारायची नसतात म्हणून आम्ही त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचो. थोरली मला मिळाली, धाकटी तिला. मॅडमनी बजावलं की दोघांनी आपापला अहवाल स्वतंत्र लिहायचा, एकमेकांच्या स्क्रीनकडे बघायचं नाही, जेवतानासुद्धा त्यावर बोलायचं नाही. दोन्ही अहवाल त्या स्वतः शेजारी ठेवून वाचणार होत्या. आता एका हॉलमध्ये, एका टेबलाच्या दोन टोकांना बसणाऱ्या माणसांनी हे कसं जमवायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

मी म्हणालो, कपाट मध्ये सरकवू. ती काही न बोलता आत गेली आणि ट्रंकेतून आमच्या लग्नातला अंतरपाट घेऊन आली. तिच्या आईने तो धुऊन, घडी घालून तिच्याबरोबर पाठवला होता. मधलं कुंकवाचं स्वस्तिक धुण्यात फिकट झालं होतं, पण होतं. दोन खिळ्यांना दोरी बांधून तिने तो हॉलच्या मधोमध टांगला.

"मंगलाष्टकं चालू असताना तू वरून डोकावत होतास," ती म्हणाली. "आता डोकावायचं नाही."

पुढचे सगळे दिवस ती खिडकीकडे आणि मी भिंतीकडे, मध्ये आमचा अंतरपाट. ऊन पडलं की तिची सावली त्या कापडावर यायची आणि स्वस्तिक नेमकं तिच्या डोक्यावर बसायचं, मुकुट घातल्यासारखं. तेही मला खुपायचं.

थोरली म्हणजे तपासणाऱ्याचं सुख. एक प्रश्न पाठवला की दुसऱ्या दिवशी उत्तर हजर, तेही सहीशिक्क्यानिशी. कुलपं नवी, पासवर्ड लांबलचक, खेळणाऱ्यांची ओळखपत्रं वेगळ्या सर्व्हरवर बंद करून ठेवलेली. प्रत्येक नियमासाठी वेगळं धोरण आणि प्रत्येक धोरणाला वेगळी फाइल. आणि सगळ्यांत देखणी गोष्ट म्हणजे घटनांचा रकाना. घटना म्हणजे काहीही वाकडं घडलेलं. बनावट मेल आला, कोणी चुकून त्यावर बोट दाबलं, लॅपटॉप रिक्षात विसरला, कोणाचं खातं दुसऱ्यानेच उघडलं. थोरलीत गेल्या कित्येक वर्षांत यातलं काही म्हणजे काहीच घडलं नव्हतं. शून्य. मी ते शून्य अहवालात ठळक केलं. पोरगी पहिली आल्यावर बाप जसा निकाल दाखवत फिरतो तसं मला झालं होतं, फक्त दाखवायला कोणी नव्हतं.

पलीकडे धाकटीचा नुसता गोंधळ. बायको कानाला हेडफोन लावून बोलायची, त्यामुळे मला तिचंच बोलणं ऐकू यायचं. "परत? याच आठवड्यात?" असं ती म्हणायची. "मग त्याने स्वतः येऊन सांगितलं?" "आणि तुम्ही काय केलंत?" माझ्या लक्षात आलं की धाकटीत रोज कोणीतरी काहीतरी माती खातंय. मला बरं वाटायचं. भिंतीकडे तोंड करून मी गालातल्या गालात हसायचो.

पण मग ती हसायची. धाकटीचा सुरक्षा अधिकारी मूळचा पुण्याचा, आता तिकडे परदेशात स्थायिक झालेला, आणि पहिल्या कामाच्या गप्पा झाल्यावर दोघं मराठीत बोलायला लागले होते. एकदा ती इतकी हसली की तिला खुर्चीतून उठावं लागलं. कापडावर तिची सावली पोट धरून वाकलेली मला दिसली. हे हसणं मला ओळखीचं होतं. लग्न ठरल्यावर कर्जतला कुठल्याशा टपरीवर वडापाव खाताना ती तसं हसली होती. कशावर ते मला आठवेना, आणि आठवेना म्हणून मी अजूनच चिडलो.

जेवताना मी विचारलं, "कोण आहे तो?"

"नियम," ती म्हणाली आणि माझ्या ताटात भाकरी वाढली.

"नाव नाही विचारत. एवढं हसण्यासारखं काय होतं ते विचारतो."

"तेच तर सांगता येत नाही."

मी भाकरी मोडली. मला राग आला होता. पण काय म्हणायचं? की मला माझ्या कंपनीने कधी हसवलं नाही? थोरलीचा माणूस प्रत्येक उत्तराखाली "आपला विश्वासू" लिहायचा, बस. त्या दिवसापासून ती हसली की मी खुर्ची मागे सरकवायचो, जोरात, फरशीवर आवाज होईल अशी. ती हसायची थांबत नसे.

दिवाळीच्या आधी मॅडमनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. टेबलावर दोन्ही अहवाल शेजारी शेजारी होते. त्यांनी माझा उचलला आणि घटनांचं पान काढलं.

"हे शून्य कोणी मोजलं?" त्यांनी विचारलं.

"कंपनीने. रीतसर पत्र आहे त्याचं."

"कंपनीला कोणी सांगितलं?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणालो, "घडलंच नाही तर सांगणार कोण?"

मॅडम तिच्याकडे वळल्या. तिने आवाज न चढवता सांगितलं की शून्य दिसलं की तिला आधी शंका येते, कोणी सांगतच नसेल; धाकटीत मात्र चूक कळवायला एक साधं बटण आहे आणि कळवणाऱ्याला कोणी ओरडत नाही. त्यामुळे रोज काहीतरी कळतं, आणि कळतं म्हणून लगेच मिटतं. एकदा तर लोकांची परीक्षा घ्यायला पाठवलेल्या बनावट मेलमध्ये खुद्द मालकच फसला. फुकट क्रूझवर जायला म्हणून त्याने आपला पासवर्ड भरला, आणि मग त्यानेच सगळ्या कंपनीला लिहून कळवलं की मी फसलो, तुम्ही फसू नका. तर त्या दिवशीचं हसणं त्याच्यावरचं होतं.

"थोरलीला एक प्रश्न पाठवा," मॅडम मला म्हणाल्या. "तुमच्या माणसाच्या हातून चूक झाली तर तो कोणाकडे जातो, आणि गेल्यावर त्याचं काय होतं?"

मी पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर देणारी थोरली या वेळी गप्प झाली. दिवाळीचा फराळ संपला तरी गप्प. मग उत्तर आलं ते वकिलाकडून. विमा कंपनीला मॅडमनी कळवलं की दोघींत थोरली जास्त धोक्याची आहे. धाकटीच्या खिडक्यांना पडदे नाहीत म्हणून पसारा दिसतो, थोरलीचं दारच उघडत नाही.

संपलं, असं मी धरून चाललो. जागा तिचीच. मी चेहऱ्याची तयारी करायला लागलो. दाढी करताना आरशात बघून "अभिनंदन" म्हणून पाहिलं, प्रत्येक वेळी ओठ एका बाजूला जायचे. ती रोजच्यासारखी डबे घासत होती, झाडांना पाणी घालत होती, गुणगुणत होती, आणि ते गुणगुणणं मला माझ्यासाठीच चाललंय असं वाटायचं.

आणि मॅडमचा फोन मला आला. प्रमुख मी. एवढा आनंद झाला की कारण विचारायचं मला सुचलंच नाही. खरं तर सुचलं होतं, विचारायचं धाडस झालं नाही. अंतरपाट बाजूला सारून मी तिला सांगितलं. "छान झालं," ती म्हणाली आणि खरंच छान झाल्यासारखं हसली. मी तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. मला काही सापडलं नाही. तोंडं वाचायची कला तिच्याकडे आहे, माझ्याकडे नाही.

पेढे घेऊन मी गावी गेलो. वडील ओटीवर सुतळी वळत बसले होते. मी सांगितलं की मी साहेब झालो.

"बरं झालं रं," ते म्हणाले. "आनी सूनबाई?"

"तिची बदली झाली. सहकारी बँकांकडे."

वडिलांनी सुतळी खाली ठेवली. "म्हंजे बँकेत?"

"बँकांची तपासणी करते ती आता."

"म्हंजे बँकेच्या वर," वडील म्हणाले. इतकी वर्षं पोरगा बँकेत असल्याचं खोटं सांगत आलेल्या त्या माणसाच्या पदरात अचानक खरी बँक पडली होती. त्यांनी पेढ्यांचा पुडा माझ्या हातातून घेतला आणि सून बँकेच्या वर बसली म्हणून आळीभर वाटला. चुलतीने मला एक पेढा आणून दिला. म्हणाली, "खा, तुज्या बायकूचं तोंड गोड कर आमच्याकडून."

घरी अंतरपाट तसाच राहिला. बँकांचंही सगळं गुप्तच असतं, असं तिचं म्हणणं पडलं. मी दिवसभर दुसऱ्यांचे अहवाल वाचायचो, दुसऱ्यांनी शोधलेल्या भानगडींवर सही करायचो आणि पुढे पाठवायचो. पलीकडे ती एखाद्या तालुक्याच्या गावातल्या बँकेच्या शाखाधिकाऱ्याशी बोलायची. कुठल्याशा शाखेत मुख्य पासवर्ड गणपतीच्या तसबिरीमागे लिहून ठेवला होता आणि तसबीर रंगकामाला उतरवली तेव्हा रंगाऱ्याला मिळाला. तिला तो किस्सा इतका आवडला की नावगाव वगळून तो तिने मला जेवताना सांगितला. सांगताना तिचे डोळे चमकत होते. माझ्या अख्ख्या विभागात त्या दिवशी कोणाचे डोळे चमकले नव्हते. हव्या त्या खुर्चीत बसून मी पुन्हा तिच्याकडेच बघत होतो.

जानेवारीत सासऱ्यांनी पोपटीला बोलावलं. माझी सासुरवाडी लोधिवलीजवळ. सासरे रसायनीच्या एका केमिकलच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि आता वाल लावतात. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेतातच पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मधून मधून ओवा आणि जाडं मीठ, वर पुन्हा पाला कोंबून मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती पाचोळा पेटवायचा. सासरे मडकं भरत होते, मी त्यांना मीठ देत होतो. मिठाचा स्टीलचा डबा होता, झाकणावर "सुरक्षित कामगार" अशी अक्षरं कोरलेली.

"हा बक्षिसाचा का?" मी विचारलं.

"कंपनीचा," सासरे म्हणाले. "फाटकावर फळा होता आमच्या. किती दिस अपघात नाय झाला ते त्याच्यावर लिवायचे. आकडा मोठा झाला का सगल्यांना डबा. आन् कोन जखमी झाला का फळा पुसून पुन्हा एकापासून."

"आमच्या फळीवर सगळे हेच डबे," बायको पाला खुडत म्हणाली. "लहानपणी मला वाटायचं, बाबांच्या कारखान्यात डबेच बनतात."

"मग अपघात होतच नसतील," मी म्हणालो.

सासरे हसले आणि त्यांनी मनगट पुढे केलं. तिथे कातडी पांढुरकी, सुरकुतलेली होती. "हा वाफेनं भाजला. हिच्या आईनं आळीत सांगितलं का चुलीवर भाजला. आपल्या एका हातापायी शंभर जनांचा डबा कशाला घालवायचा?"

मी त्या डब्याकडे बघत राहिलो. हिला शून्याचा वास कुठून आला ते मला तेव्हा कळलं. हे काही तिने पुस्तकात वाचलेलं नव्हतं, ती त्यातलं मीठ खाऊन मोठी झाली होती. आणि खरं सांगतो, मला त्या डब्याचाही हेवा वाटला. माझ्या वडिलांनी मला असलं काही दिलं नाही. भात लावताना कोणाला जळू चावली तर ते अख्ख्या शिवाराला ऐकू जायचं.

पाचोळा पेटला. सासरे माझ्या शेजारी उकिडवे बसले. "तुमचं बरं चाललंय ना साहेबपन?" त्यांनी मायेने विचारलं. "बरं झालं तुमी घेतली ती जागा. हिला आधी इचारलं व्हतं त्या बाईंनी, पन ही नाय म्हनली. मी म्हनलं, असू दे, जावईबापूंना आवड हाय त्याची."

बायको आगीच्या पलीकडे होती. तिने ऐकलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाचोळा पुढे सरकवला. पोपटी फार चांगली झाली होती असं सगळे म्हणाले. मी शेंगा सोलत राहिलो.

दिवस कलताना आम्ही स्कूटरवर निघालो. चौक गाव मागे टाकून आम्ही कर्जतच्या रस्त्याला लागलो. ती मागे बसली होती, मांडीवर वालाच्या शेंगांची पिशवी. आईबापांसमोर ती मला "अहो" म्हणते आणि गाडी त्यांच्या नजरेआड झाली की "अरे" सुरू होतं.

"अरे, विचार ना," ती म्हणाली.

"का नाही म्हणालीस?"

"मला सह्या करत बसायचं नव्हतं. मला कुलपं हलवून बघायला आवडतं. प्रमुख झालं की दुसऱ्यांनी हलवलेली कुलपं कागदावर बघायची."

"मग मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू घेतली असतीस?"

नसती घेतली. हट्टाने नसती घेतली, आणि मग वर्षभर न घेतल्याचं दुःख करत भिंतीपाशी बसलो असतो. ते तिलाही माहीत होतं.

"तू टाकलेली जागा मी पेढे वाटून घेतली," मी म्हणालो.

"पेढे माझ्या नावाने वाटले गेले, असं ऐकलं मी."

मी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. रस्त्याला फारशी वर्दळ नव्हती. डोंगर काळा पडायला लागला होता. मला एवढा राग आला होता की चालवणं बरं नव्हतं, आणि राग कोणावर ते नीट सांगता येत नव्हतं.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो. "मला ती जागा किती हवी होती ते."

"मला सगळंच माहीत होतं. पावसाळाभर तू पलीकडून खुर्ची किती जोरात सरकवायचास ते मला ऐकू येत नव्हतं का? पण लग्न झाल्यापासून तुझ्याकडून एक तक्रार आलेली नाही. खिडकीची नाही, मॅडमची नाही, त्या पुण्याच्या माणसाची नाही. कधी विचारलं की काही नाही. तुला थोरली मिळाली तेव्हा मला वाटलं होतं, ही मला द्यायला हवी होती. तशीच एक मी घरी सांभाळते."

मी हँडलवर हात ठेवून उभा राहिलो. तिने घाई केली नाही. तिला ते येतं, समोरच्याला बोलायला जागा देऊन थांबणं. पलीकडून मी ते कितीदा ऐकलं होतं, ते गप्प राहणं, आणि मग समोरचा सगळं सांगून टाकायचा.

"मला तुझा हेवा वाटतो," मी म्हणालो.

तिने मांडीवरची पिशवी सावरली. मग तिचा कामाचा आवाज आला, अंतरपाटापलीकडचा. "घटना कधीपासून चालू आहे?"

"खिडकीपासून."

"आधी कोणाला कळवलं होतं?"

"नाही."

"काय काय नुकसान झालं?"

"जेवण," मी म्हणालो. "दिवाळी. अष्टमी सगळ्या. आणि डबे."

"कुठले डबे?"

"तुझ्या बाबांचे. मला एक हवा होता."

आणि ती हसली. पोट धरून, शेंगांची पिशवी घसरेपर्यंत. तेच हसणं, पण मध्ये कापड नव्हतं आणि पलीकडे पुण्याचं कोणी नव्हतं. मी वळून बघितलं. लग्नाआधी टपरीवर ती कशावर हसली होती तेही मला तेव्हा आठवलं. मला तिखट लागलं होतं आणि मी लागलं नाही म्हणत होतो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अजून चालू आहे?" तिने डोळे पुसत विचारलं.

"चालू आहे."

"बरं," ती म्हणाली. "उद्यापासून खिडकीत तू बस."

मी गाडी सुरू केली. कर्जतचे दिवे दिसायला लागेपर्यंत मी त्यावर विचार केला, खिडकीत बसून पाहिलं, डोंगर पाहिला, वारा खाल्ला.

"नको," मी म्हणालो. "माझं उजेडाने डोकं दुखतं."